अडीच मीटर

तुर्भ्याच्या गोदामात माझं काम लेबलं लिहिण्याचं.
दोन दोऱ्यांचे पतंग, मनगटांत पट्टे अडकवून उडवायचे,
गिरक्या घेणारे, नाक खाली करून सूर मारणारे,
गवताला शिवता शिवता परत उठणारे,
असं पुठ्ठ्यावरच्या चित्रात होतं.
मी एकही उडवलेला नव्हता.

काड्या काढायच्या, कापड फरशीवर पसरायचं.
एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सुगंधा भोपी,
चपला काढून, अंगठ्यांनी दाबून, ताणून,
टेप शिवणीच्या बाहेर अर्धं बोट.
दोन मीटर सदतीस.
पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत: अडीच.
लांबीत शेपटी धरायची.
फुगणाऱ्या पतंगाचं वरचं कापड मोजायचं की खालचं,
यावर आमच्यात दोन दिवस वाद चालला.
शेठ म्हणाले, दोन्ही मोजा.

शेठ म्हणाले, घणसोलीत घर घेतलंत ना?
सातशे स्क्वेअर फूट.
त्यात जिना आहे, लिफ्टचा खड्डा आहे,
वॉचमनच्या खुर्चीखालची जागासुद्धा आहे.
मग पतंगालाच कार्पेट एरिया कशाला?
मी हसलो.
जिन्याचे हप्ते अजून नऊ वर्षं आहेत.

मे महिन्यात खारघरहून फोन आला.
यमुना तांडेल. भूमी अभिलेखात एकतीस वर्षं मोजणी.
नातीसाठी अडीच मीटरचा घेतला होता.
तक्रार नाही म्हणाल्या,
अडीच कुठून कुठवर, तेवढी दोन टोकं दाखवा.

शेठनी मलाच पाठवलं, सोबत एक जादा शेपटी देऊन.

डोंगराखालचं मैदान. दुपारचे साडेबारा वाजून गेलेले.
त्या दिवशी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो,
हे बाईंना पंचांग न बघता ठाऊक होतं.
माझी सावली माझ्या चपलांखाली गेली होती,
नातीची तिच्या बुटांखाली,
पूर्ण मैदानात सावली एकट्या पतंगाला.
बाईंच्या हातात चुन्याची पुरचुंडी, पदर खोचलेला.
सावली आली की इकडच्या टोकाला एक चिमूट,
धावत जाऊन तिकडच्या टोकाला एक.
पोरगी वरून ओरडल्यासारखी ओरडायची, आजी, धर!
खाडीकडून वारा यायचा आणि सावली निसटायची,
रुंद व्हायची, मिटायची,
पंख मागे ओढून माशासारखी निघून जायची.

एक मीटर नव्वद.
दोन मीटर पाच.
एक मीटर साठ.
दोन मीटर अकरा, पण तेव्हा बाई धापा टाकत होत्या,
म्हणून तो आकडा त्यांनीच खोडला.

सरासरी काढू? मी विचारलं.
हद्दीच्या भांडणात काढायचो, त्या म्हणाल्या,
इथे कोण भांडतंय?
आणि चुन्याचे हात पदराला पुसले.

मग नातीने पट्टे माझ्या मनगटांत घातले.
डावा ओढ म्हणाली. मी उजवा ओढला.
ते काय होतं ते मला लेबलावर लिहिता येणार नाही.
दोन पावलं मी माझ्या मर्जीने टाकली,
तिसरं त्याने टाकायला लावलं,
खांद्यापासून कण्यापर्यंत काहीतरी ताणलं गेलं
सुगंधाने अंगठ्याखाली दाबलेल्या कापडासारखं,
आणि पतंग माझ्यापासून तीन हातांवर
नाकावर उभा आपटला.
एक काडी गेली. जादा शेपटी होती, जादा काडी नव्हती.

सोमवारी नवा पुठ्ठा लिहिला.
जमिनीवर: दोन मीटर सदतीस.
शेठनी चष्मा वर सरकवला.
जमिनीवर कोण उडवतं हो?
म्हणाले, आणि अडीच लिहून घेतलं.

मनगटावर पट्ट्याचा वळ उठला होता.
जेवणाच्या सुट्टीत सवयीने टेप लावला,
सुगंधाने दुसरं टोक धरलं.
चार सेंटिमीटर.
गोदाम बंद करताना परत लावला,
तर तीनच भरला.